फूटपट्टीने परत पाठवलेला नकाशा

माझा दादा एकदा मुलगी बघायला गेला आणि तिच्या घराच्या जिन्याच्या पायऱ्या मोजून आला. आईने विचारलं, "कशी आहे?" तर म्हणाला, "शेवटची पायरी दीड इंच कमी आहे गं, एखादं म्हातारं माणूस पडेल." लग्न जमलं नाही हे सांगायला नकोच. ही गोष्ट आमच्याकडे इतक्या वेळा सांगून झाली आहे, की आई आता बाकी सगळं विसरली तरी तो दीड इंच तिने धरून ठेवला आहे.

दादा बावीस वर्षं एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता. लोकांच्या घरांचे नकाशे काढायचा. ती कचेरी बंद पडली तेव्हा त्याची पन्नाशी आली होती. घरी बसल्या बसल्या तो माझ्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांची उंची मोजायला लागला. मी सकाळी दवाखान्यात केसपेपर काढायला जाते, दुपारी आईचं बघते, त्यात ही मोजमापं. एक दिवस मी त्याला स्पष्ट सांगितलं, "दादा, तू काहीतरी काम बघ, नाहीतर मी तुलाच मोजून बाहेर ठेवीन."

काम मिळालं तेही भांडून. त्याच्या जुन्या कचेरीतला एक इंजिनियर फावल्या वेळात फाशांचा एक खेळ खेळायचा. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात, आता टेबल म्हणजे कॉम्प्युटरच. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, चेटकिणी, चोर होतात, आणि तलवार लागली की चुकली हे फासा ठरवतो. या खेळाची एक मोठी वेबसाइट आहे. तिथे लोक स्वतः रचलेल्या गोष्टी, राक्षस, गुहांचे आणि किल्ल्यांचे नकाशे टाकतात. इंजिनियरने दादाला कौतुकाने एक किल्ला दाखवला. दादाने त्या वेबसाइटला दोन पानी पत्र लिहिलं, की या जिन्याने राक्षस काय, मांजरसुद्धा वर जाणार नाही. तिथल्या प्रमुख बाई हसल्या असाव्यात, पण त्यांनी त्याला तपासनीस म्हणून घेतलं.

तपासनीसाचं काम म्हणजे लोकांनी पाठवलेलं सगळं आधी वाचायचं. चोरलेलं असेल, घाणेरडं असेल, कोणा खऱ्या माणसाची बदनामी असेल तर काढायचं. बरं असेल तर 'पास'. दुरुस्ती हवी असेल तर शेरा लिहून 'परत'. नकाशांना आणखी एक नियम होता: कुठल्याही खोलीतून बाहेर पडायची एक तरी वाट हवी. कितीही अवघड असू दे, पण हवी. नाहीतर खेळणारे आत अडकतात, खेळ बंद पडतो आणि भांडणं होतात. आणि एकच गोष्ट तीनदा परत गेली, की पाठवणाऱ्याचं खातं तीस दिवस आपोआप बंद. पूर्वी तपासनीस आपल्या ओळखीच्यांची खाती मधेच उघडून द्यायचे, म्हणून ते कुलूप आता कोणालाच काढता येत नव्हतं.

दादा या कामात असा रमला की विचारू नका. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, बाजूला खरी पट्टी. लोकांनी त्याचं नाव 'फूटपट्टी' पाडलं. त्याला ते कळलं तेव्हा तो दोन दिवस खुशीत होता. शेरे मात्र सगळे 'कृपया'ने सुरू व्हायचे. "कृपया ड्रॅगनच्या दाराची रुंदी वाढवावी, त्याचे पंख आत जाणार नाहीत." मी वाचायची आणि पोट धरून हसायची.

मग 'मुंगी' आली.

मुंगी हे टोपणनाव. तिथे सगळे टोपणनावानेच येतात. तिने एका खोलीचा नकाशा पाठवला होता. दादाने मला हाक मारून दाखवला. "बघ, हिला हात आहे. भिंतीची जाडी बघ. आणि हे बघ, मोरीसुद्धा काढलीय. राक्षसाच्या गुहेत कोणी मोरी काढतं का कधी?" खोलीत एक खाट, कोपऱ्यात मोरी, उंचावर एक खिडकी, एक दार. दाराला कडी होती ती बाहेरच्या बाजूला. दादाने चष्मा वर केला आणि शेरा लिहिला, "कृपया दुरुस्ती करावी. कडी चुकून बाहेर काढली गेली आहे. खोलीची कडी आतून असते." परत.

बावीस वर्षं घरांचे नकाशे काढलेला माणूस. मोरी दिसली, कडी दिसली, भिंतीची जाडी दिसली, आणि सगळं दिसून त्याला ती ड्रॉइंगची चूक वाटली. दुसरा कोणी असता तर त्याने कडीकडे बघितलंही नसतं. त्याने बघितली आणि दुरुस्त करायला सांगितली.

चार दिवसांनी नकाशा पुन्हा आला. कडी तिथेच. खाली एक ओळ, "या खोलीची कडी बाहेरूनच आहे." दादाला वाटलं, ठीक आहे, हा कैदखाना असेल. त्याने दुसरा नियम लावला. "कृपया बाहेर पडायची वाट जोडून पुन्हा पाठवावे." परत.

तिसऱ्यांदा नकाशा आला त्या सकाळी आमची आई हरवली होती. आईला एकोणऐंशी वर्षं झाली आहेत आणि गेली दोन वर्षं ती थोडी थोडी पुसली जाते आहे. मी दवाखान्यात होते, दादा आंघोळीला गेला, तेवढ्यात ती बाहेर पडली. दोन तासांनी बसथांब्यावर सापडली, अनवाणी, एका अनोळखी बाईचा हात धरून. तिला घरी आणलं, पाय धुतले. तशातच दादा टेबलाशी बसला, कारण कामं साचली की त्याला चैन पडत नाही. मुंगीच्या नकाशाखाली लिहिलं होतं, "या खोलीला वाट नाही. वाट कशी द्यायची ते तुम्हीच सांगा." दादाने ठरलेला शेरा चिकटवला, "कृपया वाट जोडावी," आणि परत दाबलं. खातं तीस दिवस बंद झालं.

दुसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावलं. दादा म्हणाला, "अगं, दुसरं काही करता येईल." मी म्हटलं, "तू कर मग. माझ्याकडे दोनच हात आहेत आणि ते दोन्ही कामात आहेत." मी तेव्हा रागाने बोलत होते, पण खरं तर मला भीती वाटत होती. बसथांब्यापुढे मोठा रस्ता आहे.

सुताराने आईच्या खोलीच्या दाराशी बसून पिशवीतून कडी काढली. "ताई, कुठल्या बाजूला लावू?"

"बाहेरून."

त्याने वर बघितलं. "खोलीची कडी आतून असते ना, ताई?"

दादा दारात चहाचा कप घेऊन उभा होता. त्याने कप खाली ठेवला, जमिनीवरच, आणि टेबलाकडे गेला. मी मागोमाग गेले. पडद्यावर मुंगीचा नकाशा होता आणि दादाचा चेहरा कागदासारखा झाला होता. "ती चूक नव्हती," तो म्हणाला. "छोटी, ती खोली खरी आहे. कोणालातरी आत कोंडलंय. आणि मी तिला तीनदा सांगितलं, नकाशा नीट काढ म्हणून."

मी म्हटलं, "कशावरून? खेळच आहे तो. लोक काहीही लिहितात."

"खेळात मोरी नसते," दादा म्हणाला. आतल्या दारावर सुताराचं ड्रिल मशीन सुरू झालं.

त्याने प्रमुख बाईंना फोन लावला. बाई वयाने लहान, याला काका म्हणायच्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. खातं उघडता येणार नव्हतं, पत्ता त्यांच्याकडेही नव्हता. त्यांनी प्रकरण सुरक्षा विभागाकडे दिलं. तिथून एका ओळीचं उत्तर आलं, की खात्यावरून काही माग लागत नाही, पुन्हा संपर्क झाल्यास कळवावे. "काका, स्वतःला दोष देऊ नका," बाई म्हणाल्या. दादा म्हणाला, "मग कोणाला देऊ?" या कामाच्या बाबतीत पहिल्यांदाच मी त्याला 'कृपया'शिवाय बोलताना ऐकलं.

ते तीस दिवस आमच्या घराने कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. मी दवाखान्यात जाताना आईच्या दाराची कडी लावायची. आई आतून ठोकायची. फार जोरात नाही, शेजारच्यांकडे साखर मागायला आल्यासारखं. मी घरी असले तर बाहेरून म्हणायची, "हो हो, उघडते हं. बस जरा." आणि भांडी घासायला घ्यायची. दादा उठून गॅलरीत जायचा. त्याचं जेवण निम्म्यावर आलं. मी एकदा भडकले, "बोलायचं तर बोल ना! मला काय हौस आहे?" तो म्हणाला, "मी कुठे काही म्हणालो?" तेच तर. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

एकतिसाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, मुंगीचा नकाशा आला. तीच खोली. कडी आतल्या बाजूला काढलेली. खाटेखाली एक भुयार, ते थेट जंगलात निघत होतं. खाली लिहिलं होतं, "सूचनेप्रमाणे सर्व दुरुस्ती केली आहे. आता तरी पास करा."

दादाने डोळे मिटून घेतले. एका माणसाने शेवटी आपलं म्हणणं सोडून दिलं होतं आणि फूटपट्टीला हवं तसं काढून दिलं होतं.

आता ऐका, अडचण काय होती. मुंगीला काही सांगायचं तर ते शेऱ्यातच लिहिता येत होतं, आणि शेरा पोचायचा तर 'परत' दाबावं लागत होतं. तीन वेळा परत, की पुन्हा कुलूप. म्हणजे दादाकडे दोनच निरोप होते. पहिला त्याने लगेच लिहिला. "पहिला नकाशा बरोबर होता. चूक माझी होती. कडी बाहेरून आहे हे मला कळलं आहे. तू कुठे आहेस? पत्ता लिही." परत.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. नकाशाच्या जागी कोरा चौकोन आणि खाली मजकूर. "टॅबवर एवढा एकच खेळ उघडतो. संध्याकाळी घरचे टॅबचा पडदा बघतात, म्हणून तेव्हा मी नकाशा सोडून काही लिहीत नाही. आता सकाळ आहे. खातं बंद असताना आम्ही घर बदललं. जुन्या घराचा पत्ता मला पाठ होता, पूर्ण घर काढता येत होतं. इथे रात्री गाडीतून आणलं. या घराची मला अजून एकच खोली माहीत आहे."

दादाने ते वाचलं आणि टेबलावर डोकं टेकलं. ते तीस दिवस नसते, तर पत्ता हातात होता. हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. प्रमुख बाईंना कळवलं. जुना पत्ता तरी विचारा, त्या म्हणाल्या, आणि नवीन जागेबद्दल काही मिळतं का बघा. पण निरोप एकच उरला होता.

दादा दोन दिवस कागदावर प्रश्न लिहीत होता आणि खोडत होता. "खोलीचं माप विचारू? दिशा विचारू?" मी म्हटलं, "माप घेऊन पोलीस काय खोलीला कपडे शिवणार आहेत?" तो रडवेला झाला. "मग आतून माणसाला काय कळतं? मला कसं ठाऊक असणार? मी सगळी घरं वरून बघितली आहेत."

मलाही ठाऊक नव्हतं. ज्या बाईला ठाऊक होतं ती आतल्या खोलीत बसली होती, पण तिला सांगता येण्यासारखं राहिलं नव्हतं. मग मी आईला बाहेरच्या खोलीत आणून खुर्चीवर बसवलं, स्वतः वही-पेन्सिल घेऊन तिच्या खोलीत गेले आणि दादाला म्हटलं, "बाहेरून कडी लाव. एक तासाने उघड."

पहिली दहा मिनिटं मी शहाण्यासारखी यादी केली. ऊन कुठल्या भिंतीवर पडतं. वरच्या टाकीत पाणी पडायला लागतं तेव्हाचा आवाज. शाळेची घंटा, आणि तिच्यानंतर पोरांचा गलका कुठून येतो ते. खाटेवर उभं राहिलं तर खिडकीतून समोरच्या दुकानाच्या पाटीचा एक कोपरा दिसत होता आणि त्यावर फोन नंबरातले सहा आकडे. पंधरा वर्षांत मी ते कधी बघितले नव्हते. मी ते लिहून घेतले आणि मला एकदम हुशारी आली. हेच विचारायचं. काम झालं होतं.

म्हणून मी दार ठोकलं. "दादा, उघड!"

दादा कानाला हेडफोन लावून प्रमुख बाईंशी बोलत होता. त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ठोकलं. मला माहीत होतं की तो दहा पावलांवर आहे, माझं घर आहे, माझी कडी आहे. तरी मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. मग बाहेर सपातांचा आवाज आला. आई दाराशी आली होती.

"आई, कडी काढ गं. वर आहे बघ."

दारापलीकडून आईचा आवाज आला, अगदी प्रेमळ, समजूत घातल्यासारखा. "हो हो, उघडते हं. बस जरा."

आणि सपाता लांब गेल्या. माझेच शब्द होते ते, माझ्याच सुरात. महिनाभर ती ते आतून ऐकत होती. मी दाराला पाठ लावून खाली बसले आणि रडले. दादाने उघडलं तेव्हा मी त्याला काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, "आधी स्क्रू-ड्रायव्हर आण." कडी काढायला चार मिनिटं लागली. लावायला सुताराने अर्धा तास घेतला होता.

मग दादाने दुसरा निरोप लिहिला. जुना पत्ता लिही. गाडीत किती वेळ होतीस, जिना चढलीस का, किती पायऱ्या. ऊन कधी, कुठल्या भिंतीवर. कुठले आवाज, कुठल्या वेळी. आणि उंचावर चढून बाहेर बघ: पाटी, आकडे, अर्धं अक्षर, काहीही. शेवटी त्याने लिहिलं, "वाट तुला द्यायची नाही. ती आम्ही शोधू." परत दाबताना त्याने माझा हात धरून ठेवला होता. आमच्यात असं काही करायची पद्धत नाही.

पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी नकाशा आला. एकच खोली, पण तिच्याभोवती चारही बाजूंना बाण आणि बारीक अक्षरं. अठ्ठावीस पायऱ्या, दोन वळणं. सकाळी ऊन दाराच्या भिंतीवर. खाली लोखंड कापायचं मशीन, आठवड्यातून एक दिवस बंद. डाव्या हाताला शाळा. समोर पाटी, तिच्यावरचे सात आकडे, पहिले तीन दिसत नाहीत. जुना पत्ता कोपऱ्यात. दादा कचेरीत नकाशांवर दाखवायचा तशी तिने उत्तर दिशाही दाखवली होती, उन्हावरून काढलेली. दादाने तो नकाशा पास केला नाही, परत केला नाही, तसाच धरून ठेवला आणि बाईंकडे पाठवला. बाईंचं उत्तर आलं, "मिळालं, काका. पुढे पोलिसांकडे दिलं."

त्यानंतर सतरा दिवस कोणी काही कळवलं नाही. नियमाने कळवता येत नाही म्हणे. दादा राक्षस तपासत होता, चेटकिणी तपासत होता. प्रत्येक दाराशी थांबत होता. एका किल्लेवाल्याने तक्रार केली, की फूटपट्टी हल्ली प्रत्येक कोठडीबद्दल 'तुम्ही बरे आहात ना' असं विचारते.

अठराव्या दिवशी मुंगीने नवीन नकाशा पाठवला. तीच खोली, तीच खाट, तीच पाटी. दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी चार ठिपके होते, आणि खाली लिहिलं होतं, "माणसं आली होती. कडी काढायला लावली. भोकं राहिलीत. घर तेच, घरचे तेच. ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्यातली एक बाई दर आठवड्याला येऊन दार बघून जाते. काल मी एकटी अठ्ठावीस पायऱ्या उतरून खाली गेले आणि परत आले."

"परत का आली?" मी ओरडलेच. "जायचं ना निघून!"

"कुठे?" दादा म्हणाला. मला वाटलं होतं, असा निरोप आला की आम्ही पेढे वाटल्यासारखे खूश होऊ. तसं काही झालं नाही. पास केलेल्या नकाशाचा शेरा तिच्यापर्यंत पोचत नाही, तरी त्याने लिहिला, "दार तपासलं," आणि पास केलं.

मी मागे वळले तर आई तिच्या खोलीच्या दाराशी उभी होती. दाराच्या चौकटीवर आमचीही चार भोकं आहेत. ती त्यातल्या एकात बोट घालून बघत होती.

"इथे काय होतं गं?"

"कडी होती, आई."

"बाहेरून?"

"हो."

"कोणी लावली होती?"

दादाने खुर्ची माझ्याकडे वळवली. तो म्हणाला असता, सुताराने. मला ते चाललं असतं.

"मी लावली होती," मी म्हटलं.

आईने बोट काढून पदराला पुसलं. "बरं," ती म्हणाली, आणि बाहेर जायचं म्हणून चपला शोधायला लागली. मी तिच्या चपला तिच्यापुढे ठेवल्या आणि माझ्या चपला मी पायात घातल्या.